नारबोदेला दिलेला डबा

समीक्षाला गोचिडीची भीती वाटत नव्हती. वाटायची ती सासूची. आणि खरं सांगायचं तर पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

हट्ट्याजवळच्या त्या खेड्यात तिचं काम कुणालाच धड कळलं नव्हतं. बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेनं तिला गोचिडी गोळा करायला नेमलं होतं. काठीला पांढरं कापड बांधायचं, जंगलाच्या कडेच्या गवतावरून ते सावकाश ओढत न्यायचं आणि कापडाला चिकटलेल्या गोचिडी चिमट्यानं उचलून बाटलीत टाकायच्या. मग गोठ्यागोठ्यांत जाऊन गुरांच्या कानामागच्या काढायच्या. गाव हसायचं. बी.एस्सी. होऊन सून गोचिडी वेचते, म्हणायचं. सासू गोदाबाई हसायची नाही. "असं काम असते काय कुठं? आमी त जलमभर फुकटात वेचल्या," एवढंच म्हणायची.

ही नुसती मोजणी आहे, माणसांची होते तशी, असं समीक्षानं घरात सांगून ठेवलं होतं. खरं वेगळं होतं. गावाची गुरं चारणारा प्रेमलाल पावसाळ्याच्या तोंडाला तापानं गेला होता. जाताना त्याच्या हिरड्यांतून आणि नाकातून रक्त येत होतं. कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं दारू. त्या प्रयोगशाळेच्या पथकाच्या मोठ्या डॉक्टर मंजू मॅडमना मात्र गोचिडीच्या तापाचा संशय होता. गोचीड चावली तर तो होतो, आणि नुसत्या हातानं चिरडली, तिचं रक्त बोटाच्या चिरेत गेलं, तरीही होतो.

हे दुसरं ऐकलं तेव्हा समीक्षाच्या अंगावर काटा आला होता. कारण इथे गोचीड चिरडायचीच असते. पोळ्याच्या आधी बैल धुवायला काढले की म्हातारी माणसं, पोरंसोरं सगळी बैलाभोवती बसून गोचिडी ओढतात आणि अंगठ्याच्या नखावर फोडतात. फट् आवाज झाला की पोरं खूश. समीक्षा दारोदार सांगत फिरली, चिरडू नका, रॉकेलच्या डबीत टाका. लोक हौ हौ म्हणाले आणि फोडत राहिले. का चिरडू नका, ते सांगायची तिला परवानगी नव्हती. पक्कं होईपर्यंत अफवा नको, असं वरून बजावलं होतं. घरी सांगायला कोणी हात धरला नव्हता. पण गोदाबाईला कळलं असतं तर तिनं कापड, काठी, बाटल्या सगळं उकिरड्यावर फेकलं असतं आणि सुनेला चुलीपुढे बसवलं असतं. म्हणून समीक्षा गप्प बसली.

पोळ्याच्या संध्याकाळी मंजू मॅडमचा फोन आला. बैल नुकतेच ओवाळून गोठ्यात गेले होते. समीक्षा अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बोलली.

"प्रेमलालच्या गोठ्यातल्या पहिल्या गोचिडींत विषाणू सापडलाय," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडचा बाटल्यांचा दुसरा डबा कुठं आहे?"

"घरीच आहे, मॅडम. सणामुळे गाडी आली नाही."

"घरी? समीक्षा, तो घरी ठेवायचा नसतो! उघडू नकोस. मुलीला जवळ फिरकू देऊ नकोस. उद्या दुपारी गाडी पाठवते."

समीक्षानं फोन ठेवला. ती तशीच आत गेली आणि तांदळाच्या कोठीमागे ठेवलेला डबा चाचपून आली. होता. झाकण घट्ट होतं. तिनं त्यावर पालथं टोपलं घातलं आणि कोणाला काही न बोलता पुऱ्या लाटायला बसली. पण मुलीच्या काळजीनं तिनं फोनवर विचारलेलं दारात कंदील पुसत बसलेल्या गोदाबाईनं ऐकलं होतं. "विषाणू? आपल्या घरात? मयुरीला काही होणार नाही ना?" एवढे शब्द म्हातारीला पुरले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोद निघते. पळसाच्या फांद्यांची, चिंध्यांची ती अवदसा पोरं गावभर ओढत नेतात. घरोघरच्या बाया तिच्यावर झिजलेला झाडू, फुटकं सूप टाकतात, आणि वेशीबाहेर नेऊन तिला जाळतात. गावातली पीडा तिच्याबरोबर जाते. "खोकला, ताप, रोगराई घेऊन जा गे नारबोद!" या ओरड्यानंच समीक्षाला जाग आली. उठली ती आधी कोठीकडे गेली. टोपलं बाजूला पडलं होतं. डबा नव्हता.

ती ओसरीकडे धावली.

गोदाबाई ओसरीवर पाय धूत होती. सहा वर्षांची मयुरी आजीच्या गोधडीत तोंड खुपसून पडली होती.

"आई, कोठीमागचा डबा?"

"देल्ला नारबोदेले." म्हातारी निवांत होती. "रोग घरात ठेवून तू निजून राह्यली होती. म्या बाहेर काढला."

"बंद होता ना? तसाच टाकला ना?"

"बंद डब्यातून पीडा जाते काय, बाई? उघडून बाटल्या वतल्या. चार-दोन दगडावर पडल्या, त्या फोडल्या. जित्ती गोचीड वाटंतून वापस येते."

समीक्षा अंगणात उतरली. मग काय झालं कुणास ठाऊक, ती किंचाळली. सासूपुढे आवाज न चढवलेली ती सून अंगणात उभी राहून किंचाळली, की प्रेमलाल दारूनं नाही मेला, करणीनं नाही मेला, हातानं गोचिडी फोडल्या म्हणून मेला, त्याच गोठ्यातल्या, याच गोचिडी! शेजारच्या अनुसयाबाई कुंपणाशी आल्या आणि तशाच मागे सरल्या. गोदाबाईच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"चावली त रोग होते," ती हळूच म्हणाली. "मेलेली काय करते?"

"मेलेलीच करते, आई! कोणी फोडल्या? मयुरीनं हात लावला का?"

गोदाबाईनं सुनेकडे पाहिलं, मग गोधडीकडे. "नाई," ती म्हणाली. "ते त झोपून होती. म्या फोडल्या."

समीक्षानं मयुरीला हलवलं. पोरगी डोळे चोळत उठली, आजीकडे पाहत राहिली आणि मान हलवून नाही म्हणाली. समीक्षाला तेवढ्यानं धीर आला. तिनं गोदाबाईचे दोन्ही हात साबणानं घासघासून धुतले. धानाच्या रोवणीच्या चिखलानं म्हातारीची बोटं चिरली होती. प्रत्येक चीर दिसली की समीक्षा तिथं पुन्हा साबण लावायची.

वेशीबाहेर नारबोद जळून राख झाली होती. राखेत बाटल्या काळ्या पडल्या होत्या. मंजू मॅडम गाडीतून उतरल्या तेव्हा रागावल्या नाहीत, हेच समीक्षाला जास्त भयानक वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, "आजींवर लक्ष ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. मुलगी इथं नको."

तिचा नवरा गजेंद्र बालाघाटला ऑटो चालवायचा. त्यानं त्याच दिवशी मयुरीला राजेगावला आजोळी, समीक्षाच्या आई जिजाबाईकडे सोडलं. पोरगी जाताना रडली. तिला या आजीच्या कुशीशिवाय झोप यायची नाही. गोदाबाई दारापर्यंतही आली नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते समीक्षालाच माहीत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं होतं. म्हातारीनं दात घासून थुंकलं की ही धावत जाऊन पाहायची, लाल तर नाही? रात्री सासूच्या खाटेजवळ बसून श्वास मोजायची. गोदाबाई कुरकुरायची नाही. थर्मामीटर पुढे आलं की मुकाट्यानं तोंड उघडायची. उलट स्वतःच विचारायची, "राजेगावले फोन केलता काय? पोरगी बरी हाय ना? ताप-गीप?"

"तिला काय होतं, आई? तुम्ही स्वतःचं पाहा."

"फोन कर न वं तू. काहून नाई करत?"

केवढी माया, असं समीक्षाला वाटायचं आणि डोळे भरून यायचे.

मग एका दुपारी गोदाबाईला हुडहुडी भरली. तीन गोधड्या घालूनही खाट खडखडत होती. थर्मामीटरचा पारा चढलेला पाहून समीक्षाच्या हातून ते पडलं आणि फुटलं. गजेंद्रनं ऑटो असा हाणला की बालाघाटच्या रस्त्यावरचे खड्डे त्याला दिसलेच नाहीत. दवाखान्यात म्हातारीला एका वेगळ्या खोलीत नेलं. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं आत-बाहेर करत होती. काचेपलीकडे गोदाबाई एवढीशी दिसत होती. समीक्षा भिंतीला टेकून उभी राहिली आणि मनात म्हणत राहिली, मी मारली, माझ्या गप्प बसण्यानं मारली. गजेंद्र शेजारी होता. तो तिची नजर टाळून काचेकडेच पाहत होता.

रक्त बाहेरगावी गेलं. अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर इथल्याच तपासणीत मलेरिया निघाला. डॉक्टर म्हणाले, मलेरिया आहे म्हणजे दुसरं नाहीच असं नाही, वाट पाहा. त्यांनी वाट पाहिली. औषध सुरू झालं, ताप उतरत गेला, आणि मग मंजू मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज हसरा होता. गोचिडीचा ताप नाही. काही नाही. आजींना घरी न्या.

समीक्षाचा जीव भांड्यात पडला. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच गजेंद्र राजेगावला जाऊन मयुरीला घेऊन आला, येताना गरम जिलेबीही आणली, ती समीक्षानं सगळ्यांना वाटली. "मलेरियाची मिठाई वाटनारी दुनियेतली पहिली सून पायली म्या," गोदाबाई म्हणाली, आणि दवाखान्यात आल्या दिवसापासून पहिल्यांदा सगळे हसले. मयुरीनं जिलेबी खाल्ली नाही. आजीला बिलगली आणि ऑटोत बसताच समीक्षाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

ऑटो गावाच्या वाटेला लागला. दोन्ही बाजूंना धान हिरवंगार उभं होतं. गोदाबाई वाऱ्याला तोंड देऊन बसली होती. मग ती म्हणाली, "सूनबाई, आता सांगाले हरकत नाई. मनावर लय ओझं होतं."

"काय, आई?"

"गोचिडी म्या नोत्या फोडल्या. माह्या डोळ्याले मोतीबिंदू, मले त्या दगडावरच्या दिसते काय? पोरगी संग आलती. तिनंच टिपल्या, तिनंच फोडल्या, नखानं. तू अशी वरडली न, मले वाटलं आता हिले दवाखान्यात एकटीले टाकतीन. मरन त मी मरन, म्हनलं. म्हनून माह्यं नाव घेतलं." ती हसली. तोंडात दात थोडेच होते. "आता त डॉक्टरनंच सांगितलं, कायी नाई म्हनून. सुटली पोरगी."

समीक्षाला आधी अर्थच लागेना. मग तो एकदम लागला. ज्या बोटांची काळजी केली, त्यांना गोचिडीचं रक्त लागलंच नव्हतं. जिचं रक्त तपासलं, तिनं गोचीड फोडलीच नव्हती. आणि जिनं फोडली, तिला या सगळ्या दिवसांत कोणी थर्मामीटरसुद्धा लावलं नव्हतं.

"माझ्या आईनं काही सांगितलं होतं का?" तिनं गजेंद्रला विचारलं. "मयुरीबद्दल?"

"कुछ नहीं," तो पुढे पाहतच म्हणाला. "जिजाबाई म्हनत होत्या, कालपासून जेवत नाई, अंग दुखते म्हनते. आजीची याद येऊन राह्यली असेल."

गोदाबाईचं हसू तिथंच विरलं. तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर तोंडात धरला.

मयुरी दुपारी कधी झोपायची नाही. समीक्षानं तिच्या कपाळावर हात ठेवला. गरम लागलं. उन्हानं असेल, म्हणून हात उचलला, आपल्या गालाला लावून गार करून पुन्हा ठेवला. मग पोरीची छोटी मूठ उघडून अंगठ्याचं नख पाहिलं. नखाच्या कडेला जुनी, सुकलेली चीर होती.

"मयुरीचे बाबा," ती म्हणाली, "गाडी वळवा."