सासूबाईंचा पडदा

मसाका शहरातल्या शाळांमध्ये लुटायासाहेबांचा काय दरारा होता! तीस वर्षं शाळा-तपासणीस. मुलांची नखं बघायचे, मास्तरांच्या कॉलरी बघायचे आणि संडासाचं दार उघडून नाक मुरडायचे. निवृत्त झाले आणि आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पोटावर पिशवी बसवली, आणि साहेबांची घाण साहेबांच्याच पोटावर येऊन बसली. देवालाही कधीकधी तपासणीची हुक्की येते, दुसरं काय!

घरी येऊन बारा दिवस झाले, पण त्या पिशवीकडे एकदा पाहतील तर शपथ. ती बदलायची वेळ झाली की डोळे मिटून भिंतीकडे तोंड. सगळं बायको करायची, नामुली. वर साहेबांनी नामी युक्ती काढली: खायचंच नाही. पोटातच काही नाही, तर पिशवीत कुठून येणार? पाच दिवस नुसत्या चहावर काढले. गालांची पार खोबणी झाली. असंच चाललं तर जखम भरायची नाही, माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. समाचाराला येणारे भाऊबंद मात्र साहेबांच्या वाटचं मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर चापायचे आणि बोटं चाटत म्हणायचे, "दादा, खात जा हो जरा!"

शेवटी नामुलीनं आईला बोलावलं. आई निवृत्त परिचारिका, अशा पिशव्या तिनं शेकड्यांनी बदललेल्या. पण उपयोग काय? जावयानं सासूच्या समोर यायचं नाही, स्पर्श तर नाहीच नाही. झालाच तर दोघांचेही हात कायमचे थरथरतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून सासूबाई दाराला चादर लावून पलीकडे चटईवर बसल्या.

मंगळवारी सकाळी पिशवीची कड सुटली.

"नामुली! अगं नामुली!"

"ती बाजारात गेलीय," पडदा म्हणाला. "मीच पाठवलंय, लांबच्या. दुपार होईल."

शर्टाला ओल लागली, वास सुटला. साहेबांना रडूच फुटलं.

"सासूबाई, प्रथा गेली खड्ड्यात! आत या."

"आले असते हो. पण माझे हात थरथरायला लागले तर कात्री कोण धरणार? तुमचे हात आहेत की. पाणी, फडकं, नवी पिशवी, सगळं उशाशी ठेवलंय."

"मला किळस येते."

"माझ्या मुलीला बारा दिवसांत एकदाही आली नाही. तुम्हाला बरी येते, जावईबापू?"

साहेब कण्हत उठून बसले.

"आधी नखं बघा," पडदा म्हणाला.

साहेबांनी मुकाट्यानं नखं पाहिली. चांगली वाढली होती. कापली.

पडदा सांगत गेला, साहेब करत गेले. जुनी पिशवी पाण्यानं भिजवून हलकेच सोडवली. पोटावरचं ते लालबुंद भोक पहिल्यांदाच नीट पाहिलं. हात लावला तर दुखलंसुद्धा नाही. पुसलं, कोरडं केलं, नवी पिशवी मापानं कापून तळव्यानं दाबून धरली.

"चिकटली! सासूबाई, चिकटली!"

तेवढ्यात हातांकडे लक्ष गेलं आणि साहेबांची गाळण उडाली. दोन्ही हात लटलट कापत होते.

"हात थरथरतायत हो! मी तर तुम्हाला शिवलोही नाही!"

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग पडद्याखालून मऊ मटोकेची वाफाळती वाटी आत सरकली.

"भूक आहे ती, बाबा," सासूबाई म्हणाल्या. "पाच दिवसांची. खा आता."