कण्यांच्या पाण्याची खळ

उदगीरच्या त्या हायस्कुलात वर्तमानपत्र निघायचं ते भिंतीवर. मुख्याध्यापकांच्या खोलीपासून दहावीच्या दारापर्यंत व्हरांड्याची जेवढी भिंत होती, तेवढं त्याचं राज्य. पूर्वी त्यासाठी लाकडी फळा होता, तो वाळवीनं खाल्ला. नवा येणार येणार म्हणून संस्थेनं सांगितलं होतं आणि तो अजून येतच होता. तोवर ड्रॉइंगचे मोठे कागद एकाला एक जोडून सरळ भिंतीलाच खळीनं चिकटवायचे, असा रिवाज पडला होता. पत्राचं नाव 'खबरबात'. विज्ञान मंडळ, गणित मंडळ, भूगोल मंडळ, वाङ्मय मंडळ अशी शाळेत जेवढी मंडळं होती, त्या सगळ्यांना त्यात एकेक रकाना होता. दर शनिवारी, अर्धी शाळा सुटली की नवा अंक लागायचा.

अंकाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं: संपादक, कु. चांगुणा श्रीमंत सोनकांबळे.

चांगुणा दहावीला होती. वडील रेल्वेत गँगमन, आई केवळाबाई रोजगार हमीच्या तलावावर मातीच्या पाट्या उचलायची. राहायला बुद्धनगरात. केवळाबाईला अक्षरओळख नव्हती, पण ती उजव्या कोपऱ्यातली जागा पक्की माहीत होती. रविवारी बाजारला जाताना ती वाट वाकडी करून शाळेत शिरायची, त्या नावाखालून एकदा बोट फिरवायची आणि मग मिरच्या आणायला जायची. असं कौतुक चांगुणेच्या वाट्याला दुसरीकडे कुठे आलं नव्हतं. त्या कोपऱ्यासाठी ती जीव टाकायची.

तिला संपादक केलं ते भूगोलाच्या गुरुलिंग सरांनी. वर्गात त्यांनी एकदा विचारलं होतं, की काल नळावर भांडण झालं ते कशावरून? सगळी पोरं कोण जिंकलं ते सांगायला लागली. चांगुणा एकटीच म्हणाली, की तिनं दोघींना विचारलंय आणि दोघींचं म्हणणं वेगळं आहे. सरांनी तिथंच तिच्या हातात स्केचपेनचा डबा दिला. त्यांचा 'खबरबात'ला एकच नियम होता: दोन तोंडांनी कळल्याशिवाय बातमी लिहायची नाही. एका तोंडानं कळते ती कुचाळकी, असं ते म्हणायचे.

मुख्याध्यापक बिरादार सरांना मात्र हे सगळं प्रकरणच नको होतं. आदल्या वर्षी कुणीतरी त्या भिंतीवर टवाळीची चार कडवी लावली होती आणि त्यावरून दोन गल्ल्यांतली पोरं एकमेकांच्या नरड्याला लागली होती. शेषेराव बिरादार म्हणजे ताठ माणूस. धोतराची निरी मोडली तरी यांच्या कपाळावर आठी पडायची. यंदा परवानगी देताना त्यांनी चांगुणेला खोलीत बोलावून बजावलं होतं, "या भिंतीपायी एक जरी तंटा झाला, तर चुना मारून टाकीन. मग खबर न्हाई आन् बात न्हाई."

साल दुष्काळाचं. लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं होत आली होती, पण शाळेच्या रबरी शिक्क्यावर अजून उस्मानाबादच होतं. कारकून ते खोडून वर पेनानं लातूर लिहायचे. जिल्हा नवा मिळाला, पाऊस मात्र जुनाही मिळेना. भूगोल मंडळानं गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला होता, त्याच्या नरसाळ्यात चिमणीनं घरटं केलं आणि अंडीसुद्धा घातली. ती बातमी चांगुणेनं छापली, ती दोघांनी डोळ्यांनी पाहिली म्हणूनच.

आणि अशात लातूरहून शिक्षणखात्याचे साहेब सोमवारी शाळा बघायला येणार, असं कळलं. गुरुलिंग सरांनी विशेषांक काढायचा ठरवला: 'आपला नवा जिल्हा'. मंडळांनी झटून मजकूर दिला. विज्ञान मंडळाच्या बसवराजनं शेपटीवाल्या ताऱ्यावर एवढा लांब लेख आणला, की तो पुरा घेतला तर जिल्ह्याला जागाच उरली नसती. चांगुणेनं तो निम्मा केला. बसवराजचा बाप मोंढ्यातला डाळीचा व्यापारी, पोरगं लाडाचं. सगळ्यांदेखत म्हणाला, की माझा लेख कापलास ना, आता तुझा अंकच फाडतो बघ. हे निदान वीस कानांनी ऐकलं.

अंक तयार झाला, पण खळीची पंचाईत आली. एरवी शिपाई मारोतीमामा कडुनिंबाचा पाला उकळून त्या कडू पाण्यात मैदा शिजवायचे, म्हणजे वाळवी लागत नाही आणि जनावरंही तोंड लावत नाहीत. पण मारोतीमामा टँकरच्या रांगेत गुंतलेले आणि शाळेचा हौद कोरडा ठणठणीत. प्यायला पाणी नाही तिथं पाला कशात उकळायचा? चांगुणेनं डोकं चालवलं. घरी जोंधळ्याच्या कण्या शिजल्या होत्या, त्यावरचं पाणी आईनं निवळून ठेवलं होतं. तिनं त्यातच मैदा शिजवला. खळ अशी झाली, की बोट चिकटलं तर सुटेना. थेंबभर पाणी वाया न घालवता काम झालं म्हणून ती स्वतःवरच खूश झाली. शनिवारी दुपारी कागद भिंतीला लागले, सुरकुतीसुद्धा नाही.

रविवारी दिवस कलता केवळाबाई बाजारातून आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आज तुझं नाव न्हाई दिसलं गं. तिथली भिंतच मोकळी हाय."

चांगुणेच्या डोक्यात एकच नाव आलं. ती तशीच उठली ती थेट मोंढ्यात, बसवराजच्या दारात. पोचेपर्यंत काय काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं, आणि ते ऐकण्यासारखं नव्हतं. पण तो चहाची बशी हातात धरून बाहेर आला आणि तिला सरांचा नियम आठवला. वीस जणांनी धमकी ऐकली होती. फाडताना कुणी पाहिलं होतं? तिनं राग गिळला आणि विचारलं, की अंक तू फाडलास का. बसवराजनं बशी खाली ठेवली. फाडला नाही म्हणाला. मग म्हणाला, की चल, बघून येऊ.

दोघं शाळेत गेली तेव्हा अजून उजेड होता. माणसाचा वर केलेला हात जेमतेम पोचेल तिथली पट्टी शाबूत होती: 'खबरबात', 'आपला नवा जिल्हा' आणि साहेबांच्या स्वागताच्या दोन ओळी. त्याखाली सगळं साफ. भिंत ओलसर, चाटून लख्ख केलेली. व्हरांड्यात शेण पडलेलं आणि पायरीशी चघळून टाकलेला कागदाचा बोळा, त्यात शेपटीवाल्या ताऱ्याची शेपटी. बसवराजनं भिंतीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. विज्ञान मंडळाचा अध्यक्ष शोभला खरा.

"खारट लागायलंय," तो म्हणाला. "मीठ घातलं का तू खळीत?"

चांगुणेला खळीचं पातेलं आठवलं. कण्यांत आई मीठ घालतेच. मिठाचं, जोंधळ्याचं पाणी, त्यात मैदा. उपाशी जनावरांच्या गावात तिनं भिंतीवर आंबोण लावून ठेवलं होतं. बसवराज म्हणाला, की ही मुख्याध्यापकांचीच गाय असणार, शाळेमागच्या क्वार्टरात दुसरी कुणाची येणार? चांगुणेनं विचारलं, तू पाहिलीस का? त्यानं पाहिली नव्हती. तिनंही नव्हती. त्यात बिरादार सर तर सगळ्यांना सांगत, की आपल्याकडे पाऊस पडेपर्यंतचा कडबा रचलेला आहे आणि आपली गाय दावणीची हलत नाही.

सोमवारी सकाळी मात्र गावानं बातमी तयार करूनच आणली होती. बुद्धनगरची पोरं म्हणत होती, की खालचं नाव बघूनच अंक फाडला. मोंढ्याकडची पोरं म्हणत होती, की बसवराजवर आळ घेता का? बाह्या वर सरकल्या. बिरादार सर खोलीतून बाहेर आले, घोळका बघितला आणि मारोतीमामांना चुन्याचा डबा आणायला सांगितलं. मारोतीमामा हळूच म्हणाले, की चुना कालवायला पाणी न्हाई. सर म्हणाले, की टँकर आला की पहिली बादली भिंतीला.

परिपाठाची घंटा झाली. रांगा लागल्या, प्रार्थना झाली. बातम्या वाचायची पाळी संपादकाची. चांगुणा कागद घेऊन पुढे आली. खरं सांगावं तर तिची फजिती होणार. गप्प बसावं तर तंटा होणार आणि भिंत जाणार. तिच्या आईचं बोट फिरवायचं ठिकाण जाणार. तिनं रांगेत बसवराजकडे बघितलं. तो मान हलवून 'वाच' म्हणाला.

तिनं वाचलं: "खबरबातचा विशेषांक कुणी फाडलेला नाही. तो जनावरानं खाल्ला. खळ संपादकानं कण्यांच्या खारट पाण्यात केली होती, कडुनिंब घातला नव्हता. भिंत चाटून विज्ञान मंडळाच्या अध्यक्षांनी याची खात्री केली आहे. जनावर कुणाचं, याला दोन तोंडं मिळाली नाहीत, म्हणून ते दिलेलं नाही."

आधी पाचवीची पोरं हसली, मग सगळी शाळा. बुद्धनगरची हसली, मोंढ्याची हसली, गुरुलिंग सरांनी तोंडाला रुमाल लावला. हसले नाहीत ते एकटे बिरादार सर. ते ओट्यावर तसेच उभे राहिले, इतका वेळ की हसणं आपोआप विरत गेलं.

"एक तोंड माझं धर," ते म्हणाले. "गाय माझी हाय."

 सर नेहमीसारखे मोठ्यानं बोलत नव्हते, त्यामुळे मागच्या रांगा पुढे सरकल्या.

"कडबा दिवाळीतच संपला. जनावरांच्या छावणीत न्यावी तर लोक म्हणतील, मुख्याध्यापकाची गाय छावणीत. म्हणून काल मीच दावं सोडलं. तिच्या तोंडाला शाई बघितली आन् पुसून टाकली."

मग त्यांनी मारोतीमामांकडे बघितलं आणि म्हणाले, "दुसरं तोंड हे. शाई पुसायला पाण्याचा तांब्या यांनीच दिला." मारोतीमामांनी टोपी काढून मान डोलावली. गुरुलिंग सर म्हणाले, की संपादक, बातमी पुरी झाली, लिहून घ्या.

चांगुणेनं हातातला कागद उलटा करून पेन काढलं. आयुष्यात तिला पुढे पुष्कळ मोठ्या माणसांच्या बातम्या लिहायच्या होत्या, पण एवढी मोठी कबुली तिला पुन्हा फारशी भेटली नाही. त्या ताठ माणसानं चारशे पोरांसमोर स्वतःची लाज उघडी केली ती तिची भिंत वाचावी म्हणून, हे तिला तिथंच उमगलं. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. गुरुलिंग सरांच्याही, आणि न फाडलेल्या अंकाचा आळ रात्रभर सोसून तिच्याबरोबर उभ्या राहिलेल्या बसवराजच्याही. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं ते वाक्य लिहून घेतलं.

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत, टंचाईच्या बैठकीत अडकले. मंडळांनी सगळा मजकूर आठवून आठवून पुन्हा लिहिला. बसवराजनं आपला लेख स्वतःच निम्मा करून आणला. शनिवारी बिरादार सर धोतर सावरत कडुनिंबाच्या डहाळ्या आणि घरच्या वाटणीच्या पाण्यातली एक घागर घेऊन आले, आणि खळ शिजेपर्यंत चुलीपाशी उभे राहिले. चुन्याचा डबा परत कोठीत गेला.

रविवारी केवळाबाई आली. कोपऱ्यातल्या नावाखालून बोट फिरवून झालं, मग तिनं त्याच्या वरच्या बातमीवर बोट ठेवलं आणि विचारलं, की हे काय लिवलंय? चांगुणेनं सगळं वाचून दाखवलं. केवळाबाई ऐकून घेऊन बाजारला गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी ती कण्यांच्या पाण्याचं भगुणं पदराखाली धरून क्वार्टराच्या मागच्या दाराशी उभी राहिली. सरांच्या पत्नी सुमनबाईंनी दार उघडलं.

"गाईसाठी आणलंय," केवळाबाई म्हणाली. "तिला आमच्याकडचं आवडतंय म्हणून पेपरात आलंय."

सुमनबाईंनी भगुणं तिच्या हातातून आपल्या हातात घेतलं, आणि म्हणाल्या, "आत या, बाई. चहा टाकलाय."