भरलेली खाली, रिकामी वर

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची बादली आहे. लहानखुरी, जेमतेम दोन तांबे पाणी मावेल एवढी. जगातल्या बाकीच्या बादल्या विहिरीत रिकाम्या उतरतात आणि भरून वर येतात. मी भरलेली खाली जाते आणि रिकामी वर येते. यावरून मला आयुष्यभर पुष्कळ बोलणी खावी लागली. पण मला घडवलीच तशी, त्याला मी काय करणार?

माझा जन्म मारवाडातला. तांबटाने मला वर धरायला कडी दिली आणि बुडालाही बाहेरून एक कडी बसवली. दाखूबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर सासरी आले. त्यांचं घर जैन. पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यायचं, आणि कापडावर जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात ते फेकून द्यायचे नाहीत, अशी त्यांची रीत. गाळलेल्या पाण्याने ते कापड माझ्यात हलकेच खळबळायचं आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ते परत सोडायचं. या पाण्याला जिवाणी म्हणतात. वरून ओतलं तर जीव आपटून मरतील, म्हणून मला दोन दोऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरवत. तिथे वरची दोरी सैल सोडली आणि बुडाच्या कडीची ओढली की मी अलगद उपडी होई. काम एवढंच, पण ते मी फार ऐटीत करी.

मग मारवाडात मोठा दुष्काळ पडला. विहिरीचा तळ उघडा पडला. उंटावरून आलेलं पाणी दाखूबाई गाळत, पण जिवाणी सोडायची कुठे? मला हातात घेऊन त्या कोरड्या विहिरीच्या काठावर बसत आणि रडत. त्यांचे यजमान हुकमीचंद पोटापाण्यासाठी नंदुरबारला निघून गेले. तिकडे नवी आगगाडी आली होती, मिरचीचा मोठा बाजार होता. आधी नोकरी, मग स्वतःचं किराणा दुकान. जम बसल्यावर ते बायकोला आणि लेकीला न्यायला आले. लेकीचं नाव जतन, वय सहा वर्षांचं. मारवाडच्या महाराजांचं राज्य सोडून आम्ही इंग्रजांच्या मुलखात निघालो. गाठोड्यात मी दाखूबाईंच्या लुगड्यांच्या मधोमध होते.

नंदुरबारला आल्यावर घर शोधणं सुरू झालं. हुकमीचंदांनी आधी दुकानावरची खोली दाखवली. खाली मिरचीची पोती! जतनला शिंकांवर शिंका आणि डोळ्यांना धार. पाणी कावडीने यायचं, आज या विहिरीचं, उद्या त्या विहिरीचं, मग जिवाणी कुठल्या विहिरीत सोडायची? दाखूबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग हुकमीचंदांनी मारवाडी दुकानदारांची ओळ दाखवली. तिथे बोली आपली होती, जेवणखाण आपलं होतं. पण राहणारे सगळे पुरुष, बायकामुलं मारवाडात ठेवून कमवायला आलेले. दिवस मावळायच्या आत एका पंगतीला जेवत आणि मग घरच्या आठवणी काढत बसत. तिथे जतनने खेळायचं कुणाशी, मुनीमजींशी?

 तिसऱ्या दिवशी दाखूबाई मला घेऊन पाण्याला म्हणून निघाल्या आणि शेतकऱ्यांच्या गल्लीत शिरल्या. गल्लीच्या तोंडाशी विहीर होती. तिच्या दगडी काठावर दोरांच्या खाचा पडलेल्या, आणि काठाशेजारी पोरं सागरगोटे खेळत होती. जतनने आईचा हात सोडला आणि त्यांच्यात जाऊन फतकल मारली. दाखूबाईंनी विहिरीत वाकून पाहिलं. पाणी भरपूर होतं. कोरडी विहीर पाहिलेली ती बाई, तिथून हलेचना.

शोधत आलेल्या हुकमीचंदांना ही जागा पसंत पडली नाही, इथे आपलं माणूस कुणी नाही म्हणून. ते म्हणाले, "अठै आपणो कोई कोनी."

"टाबर तो रमै है नी," दाखूबाई म्हणाल्या. पोरं खेळतात ना, तेवढं त्यांना पुरे होतं. "म्हैं अठैई रैसूं."

इथेच राहणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. हुकमीचंदांनी विहिरीसमोरचं घर भाड्याने घेतलं.

मित्रांनो, घर घेतलं म्हणून गल्ली आपली होत नाही. गल्लीतल्या बायका अहिराणी बोलायच्या, दाखूबाईंना त्यातलं ओ का ठो कळत नसे. दाखूबाई घुंगट ओढून यायच्या, पाणी भरायच्या, मला खाली सोडायच्या आणि मुकाट्याने घरी जायच्या. काठावर कुजबूज सुरू झाली.

"ती मारवाडीन रोज सकायले हीरमा काय टाकस व?" भिकुबाई नावाची म्हातारी म्हणायची. हीर म्हणजे विहीर. "भरेल बादली खाले जास नि रिकामी वर येस!"

मला उलट्या काळजाची बादली असं नाव पडलं. तेही मी सोसलं असतं. पण त्या भादव्यात गल्लीतल्या पोरांना पोटाचा आजार झाला. कौसाबाईचा दोधू, आमच्या जतनचा सवंगडी, खाटेला खिळला. आणि एका सकाळी मी पाण्याने भरलेली दाखूबाईंच्या हातात असताना बायका विहिरीच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"मन्हा दोधू खाटवर पडेल शे," कौसाबाई म्हणाली. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "आते या हीरले हात लावू नको."

शब्द कळले नाहीत तरी हात आडवे झालेले कळले. हुकमीचंद दुकानातून धावत आले. त्यांनी बायकोला समजावलं. इथलं पुरे झालं, मारवाड्यांच्या ओळीत राहायला जाऊ, नाहीतर तू लेकीला घेऊन मारवाडात परत जा. ती गोष्ट ऐकून जतनने भोकाड पसरलं. दाखूबाई मात्र तिथेच विहिरीजवळच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी बसल्या. माझ्यात या विहिरीची जिवाणी होती. ती दुसरीकडे सोडता येत नव्हती, आणि ती परत केल्याशिवाय त्या तोंडात पाणी घालणार नव्हत्या. ऊन चढलं तसा त्यांनी पदर माझ्यावर धरला, स्वतःच्या डोक्यावर नाही. मी पाण्याने भरलेली आणि भीतीनेही. इथून उठलो तर पुढे कुठे, हे आम्हां दोघींना ठाऊक नव्हतं.

दुपार कलली तरी त्या बसलेल्याच. शेवटी कौसाबाई घरातून बाहेर आली. तिला आता रागापेक्षा नवल वाटत असावं. तिने माझ्यात डोकावून पाहिलं. आत नुसतं नितळ पाणी.

"काय शे व ह्यामा?" तिने जतनला विचारलं.

एवढ्या दिवसांत जतन खेळता खेळता अहिराणी शिकली होती. ती मुसमुसत म्हणाली, "पानीमा बारीक बारीक जीव ऱ्हातस. त्यासनं घर हाई हीर शे. मन्ही माय त्यासले घर पोचाडस."

कौसाबाई खाली बसली. दाखूबाईंच्या सुकलेल्या ओठांकडे बघत राहिली.

"आपलं घर सोडीसन इतली दूर उनी तू," ती म्हणाली, "नि यासले घर पोचाडाले दिनभर उपाशी बठनी?"

दाखूबाईंना ते कळलं नाही, पण आवाज कळला. त्या रडू लागल्या. कौसाबाईही रडली, दोधूच्या काळजीने की आणखी कशाने, मला सांगता येणार नाही. मग ती उठली. "दे ती दोरी माले," म्हणाली आणि एक दोरी तिने आपल्या हातात घेतली. दुसरी दाखूबाईंच्या हातात होती. त्या दिवशी मला दोघींनी मिळून उतरवलं. मी अलगद उपडी झाले. वर आले तेव्हा कौसाबाई सगळ्या बायकांकडे वळून बघत होती, आणि आडव्या आलेल्या बायका बाजूला झाल्या. दोधू पुढे हळूहळू बरा झाला. त्याच्यासाठी पाणी दाखूबाईंच्या घरून गाळून, उकळून जात असे.

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची. पोरं मला बघायला काठावर गोळा व्हायची, मी उपडी झाले की टाळ्या पिटायची. दाखूबाईंना मुलगा झाला, इंदरमल. त्याला कौसाबाईनेच अंगाखांद्यावर वाढवलं. तरी दाखूबाई कधीकधी मला घासताना मारवाडातल्या विहिरीचं गाणं गुणगुणायच्या आणि हात थांबायचा. मलाही माझी पहिली विहीर आठवायची. पुढे जतनचं लग्न झालं ते मारवाडातच. आता तिला नंदुरबारची ओढ लागली. माहेरी आली की ती आधी विहिरीवर जायची, मग घरात.

हुकमीचंद गेले. इंदरमलने स्टेशनच्या बाजूला नवं घर बांधलं. गोदाम जवळ, रस्ता रुंद, अंगणात हातपंप. दांडा हलवला की पाणी! आई किती सुखात राहील, असं तो सगळ्यांना सांगत होता, आणि मनापासून सांगत होता. पण पंपाचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं. जिवाणी परत सोडायला तिथे तोंडच नाही. मला खुंटीवर टांगलं. माझ्यावर हिरवा डाग चढला. दाखूबाई ओसरीवर बसून रस्ता बघत. शेजारी चांगले होते, पण पाण्याला कुणी बाहेर निघत नव्हतं, म्हणून कुणाची कुणाशी गाठ पडत नव्हती.

एका सकाळी फाटकाशी कौसाबाई उभी. केस पांढरे, डोक्यावर घागर. गावाच्या त्या टोकापासून ती भरून आणलेली.

"आपली हीरनं पानी शे," ती धापा टाकत म्हणाली. "गाळ. आते त्यासले घर पोचाडाले तुलेच येनं पडी!"

दाखूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. त्यांनी मला चिंचेने लखलखीत घासलं, पाणी गाळलं, जिवाणी माझ्यात घेतली. इंदरमलने बैलगाडी जोडून दिली. दोघी म्हाताऱ्या मला मधे धरून गल्लीत आल्या. दोघींनी दोन दोऱ्या धरल्या. पाण्यापर्यंत पोचेतो मी एक थेंबही सांडू दिला नाही.

गाडीवान परत निघायचं म्हणाला तेव्हा दाखूबाई काठावरून उठल्या नाहीत. समोरचं जुनं घर आता गोदाम म्हणून वापरात होतं. त्यांनी इंदरमलला बोलावून घेतलं. त्याने मिनतवारी केली, हातपंपाची आठवण दिली. दाखूबाई त्याला अहिराणीत म्हणाल्या, "मी आठेच ऱ्हासू."

चाळीस वर्षांपूर्वी हेच त्या नवऱ्याला मारवाडीत म्हणाल्या होत्या. इंदरमलने दुसऱ्या दिवशी पोती हलवली आणि घर झाडून घेतलं.

त्या घरातच दाखूबाई गेल्या. वर्षभरात कौसाबाईही गेली. मी अजून त्या घरातल्या खुंटीवर आहे. रोज सकाळी कप्पी करकरते, भरलेल्या बादल्या वर येतात, आणि मला विहिरीची फार फार आठवण येते. आता खाली कुणी काही पाठवत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी गाव सोडाल, नवं घर बघाल. भिंती बघा, रस्ता बघा, पण तिथे पोरं खेळतात का, आणि तुमच्या हातातली दुसरी दोरी धरणारं कुणी आहे का, तेही बघा. आणि माझ्यासारखं जुनं भांडं घरात असेल तर त्याला खुंटीवर विसरू नका. मला एकदा खाली घ्या, घासा, भरा. माझी बुडाची कडी अजून पक्की आहे. फक्त दोरी धरायला दोघं या.