मधला कार्बन

ड्रॉपरच्या टोकाशी थेंब लोंबत होता, पडावं की न पडावं असं तोंड करून… आणि जयूला वाटलं, पाडूच नये. हा पडला की प्रॅक्टिकल संपलं, प्रॅक्टिकल संपलं की साडेचार, आणि साडेचारला मीनाला उत्तर द्यायचं. पण बोटांनी आपलं काम केलं. तीस वर्षांची सवय, ती काही मालकिणीला विचारत नाही.

पहिल्या परीक्षानळीतल्या रेणूत शेजारशेजारच्या दोन कार्बनांवर एकेक ओएच गट. पिरिऑडिक ॲसिडला नेमकी अशीच जोडी लागते. दोघांमधला बंध ते कापतं, आणि कापल्याची खूण म्हणून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडताच पांढरा साका धरतो. धरलाच. दुसऱ्या नळीतही ओएच दोनच, फक्त त्यांच्या कार्बनांमध्ये आणखी एक साधा कार्बन, मधोमध बसूनही अध्यात ना मध्यात… तिथलं पाणी नितळ.

"मॅडम, याला तर काहीच नाही झालं," ईरा म्हणाली. उज्जैनच्या पोरींचं मराठी असंच, हिंदीचा पदर खोचलेलं.

"शेजारी असले तरच तुटतात."

"मग चांगलंय बिचाऱ्याचं. टिकलं तरी."

"वहीत निरीक्षण लिही. बिचारं-बिचारं लिहू नकोस."

शेजारी असले तरच तुटतात — हे जयू फळ्यावर लिहायची ते पोरांसाठी, आणि मनात घोकायची ते स्वतःसाठी. फ्रीगंज भागातल्या घरात ती आणि धाकटा भाऊ अभिजीत, मध्ये एक भिंत, वर एक गच्ची, नऊ वर्षं. गौरी, त्याची बायको, जयूचे वाळत घातलेले कपडे दोरीच्या टोकाला सरकवून ठेवायची, न विचारता, अगदी नीट. एका रविवारी जयू म्हणाली, "माझ्या साड्यांची अडचण होत असेल तर सांग हो." तोंडात चिमटा धरूनच गौरी म्हणाली, "ताई, साड्यांची नाही…" पुढचं कोणी बोललं नाही, आणि दोघींनाही ते ऐकू आलं.

अभिजीत देवासला गेला. तेव्हापासून दर रविवारी फोन — गुडघा कसा आहे, गोळ्या घेतेस ना, येऊन जा गं. मध्ये तासाभराचा रस्ता आणि सहा वर्षांत एक वाकडा शब्द नाही. जयू ते नातं उदाहरण म्हणून द्यायची.

आणि आता ही मीना. याच टेबलापलीकडे पंचवीस वर्षं शिकवत उभी राहिली, गेल्या साली रिटायर होऊन इंदूरला गेली. सकाळी तिचा फोन. "माझ्या बाजूचा फ्लॅट खाली होतोय. पुढच्या महिन्यात तूही मोकळी. साडेचारपर्यंत बोल, नाहीतर कुणीतरी तबला शिकणारा येऊन बसेल आणि मी तुला शिव्या देईन." जयूनं 'नाही' तेव्हाच तयार ठेवलं होतं, त्यावर गुडघ्यांचं निमित्तही चढवलं होतं. खरं कारण एवढंच, की जवळचं माणूस म्हणून आता मीनाच उरली होती… तिच्याही शेजारी जाऊन बसायचं?

ईरानं वही पुढे केली. 'नळी दोन : क्रिया झाली नाही.'

सही करता करता पेन थांबलं. ही ओळ ती आजवर शाबासकीसारखी वाचत आली होती. गेल्या रविवारी अभिजीत काय बोलला होता?… आठवेना. त्याच्या आधल्या रविवारी? तेही नाही. सहा वर्षांचे रविवार, नितळ. आणि गौरीचं ते अर्धं वाक्य मात्र आवाजासकट, तोंडातल्या चिमट्यासकट जिथल्या तिथे.

"मॅडम, चूक आहे का काही?"

"नाही. बरोबर आहे. जा तू."

ईरा गेली. साडेचार वाजून गेले. जयूनं फोन हातात घेतला, मीनाचं नाव काढलं, पण बोट तिथेच राहिलं. कारण मीनाची झोपायची खोली कुठल्या अंगाला, आपली खाट कुठे येईल, याचा हिशेब मन तिला न विचारता करू लागलं होतं. मीनाला पहाटे खोकला येतो. तो भिंतीतून ऐकू येईल का? आणि आला, तर आपण उठून तिचं दार वाजवू, की कपाळाला आठी घालून कूस बदलू… मी — मी तशी आहे का?

रिकाम्या लॅबमध्ये ती कान देऊन उभी राहिली.