हैबतीची सून सभेत बोलली

वेल्ह्यात विकास आराखड्याची सभा आहे आणि सभेनंतर जेवण आहे, असं सरपंच आनंदरावांनी सांगितलं. हैबतीला त्यातलं जेवण तेवढं ऐकू आलं. डोंगराच्या सपाटीवर त्याची धनगरवस्ती. मेंढरं, वारा आणि तीच ती भाकरी. तो निघाला. पाठोपाठ सून मोहिनीही निघाली. बाजार करायचा असेल, असं त्याला वाटलं.

सभेत भिंतीवर धोतराएवढा नकाशा टांगला होता. शेफाली नावाची तरुण अधिकारी काठीनं रंग समजावत होती. हिरवी शेती, जांभळे कारखाने, पिवळी स्वस्त घरं. हैबतीची वस्ती गुलाबी निघाली.

"गुलाबी म्हंजी काय वं बाई?"

"पर्यटन, बाबा. तिथं शहरातली माणसं येऊन राहतील."

"आन् आमी?"

"तुम्हाला खाली पिवळ्यात घर."

"मग ती वर येऊन बगनार काय?"

शेफाली जरा चाचरली. "ग्रामीण जीवन."

"ते तर खाली गेलं की!"

"रोजगार तिथंच मिळेल तुम्हाला. सकाळच्या एसटीनं वर यायचं, संध्याकाळी परत."

"म्हंजी म्या माज्याच घरात हैबती व्हायची नोकरी करायची? आन् माज्या सुट्टीला हैबती कोन व्हनार, आनंदराव?"

सभा खदखदून हसली. आनंदराव डोळे वटारत होते, पण हैबतीला चेव चढला. "आमी कुटं बी जानार न्हाई. आमचं समदं घर वर सुखात हाय. इचारा माज्या सुनंला!"

मोहिनी उभी राहिली. पदर सारखा केला.

"मामा, म्या सुखात न्हाई."

हसू विझलं. तिचा नवरा गोरख कामथडीजवळच्या कारखान्यात कामाला. तिथलं खोलीभाडं परवडेना, म्हणून एका खोलीत सहा गडी दाटीवाटीनं राहायचे. घरी यायचा तो महिन्या-पंधरवड्यानं.

"पोरगी बापाला पाव्हना समजती," मोहिनी म्हणाली. "आला की पानी देती आन् इचारती, कवा जानार? मला पिवळं घर पायजेल. पन तुमी रंगवलंय तिकडनं कारखाना दीड तास लांब. तितनं बी त्यो रोज घरी न्हाई यायचा."

"तिथं जागा स्वस्त आहे," मागून कुणी साहेब म्हणाले.

"तितं कुनाला ऱ्हायचंच न्हाई, म्हनून स्वस्त हाय."

"मीही वरिष्ठांना हेच कळवलं होतं," शेफाली हळूच म्हणाली. साहेबांनी तिच्याकडं असं पाहिलं, की तिनं काठी खाली ठेवली.

जेवणात जिलेबी होती. हैबतीनं पानात घेतली आणि तशीच सोडली. परतीच्या एसटीत त्यानं सुनेला विचारलं,

"घरात का न्हाई बोललीस?"

"तुमी कुनाला बोलू देता व्हय?"

 

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आपला सर्वांत उग्र वासाचा मेंढा घेऊन साहेबांच्या कचेरीच्या दारात बसला. त्याच्या पुढच्या बाजारालाही. सुनेचं पिवळं घर कारखान्याजवळ सरकवा, एवढंच त्याचं मागणं. शिपायानं हाकललं, तर म्हणाला, "म्या ग्रामीण जीवन हाय. साहेबांस्नी बगायचं हुतं." मेंढ्यानं दारातल्या कुंड्या बोडक्या केल्या. आत शेफालीनं पुन्हा एकदा वरिष्ठांना तेच कळवलं. मेंढ्यामुळं की तिच्यामुळं कोण जाणे, पिवळा ठिपका कामथडीच्या बाजूला सरकला.

घरं उभी राहायला दोन वर्षं गेली. सांगितली होती त्याच्या निम्मीच झाली. त्यातलं एक गोरख-मोहिनीला मिळालं. न्हाणीची भिंत पहिल्याच पावसाळ्यात ओली झाली. वर गुलाबी वस्तीवर शहरातलं चिटपाखरूही अजून आलेलं नाही.

हैबती मुक्कामाला आला, तेव्हा त्यानं घराला मनसोक्त नावं ठेवली. हे घर न्हाई, खुराडं हाय. पंखा का भिंगरी? संध्याकाळी कारखान्यातली पाळी सुटून गोरख रोजच्यासारखा घरी आला, आणि आमटीत मीठ जास्त झालं यावरून नवराबायकोची जुंपली. आवाज पार शेजारी जाईस्तोवर.

हैबती ओट्यावर येऊन बसला. वस्तीवर बायकोला, पारूबाईला, मोबाईल लावला.

"कशी हायेत पोरं?" तिनं विचारलं.

"लई भांडत्यात," हैबती म्हणाला. "ब्येस चाललंय."