रेघ उठू नये म्हणून

बाबा बोलत होते, हसत होते, आणि तेच मला बघवत नव्हतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात खाटेवर मांडी घालून ते आईला दटावत होते, "मले काई झालं नाई. एक घोट गेला, बाकीचा थुकला मी. कायले एवढा तमाशा करून राहिली?"

शहापूरला आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत माजलं होतं. तणनाशकाचा मोठा डबा एकट्याला लागत नाही, म्हणून शेजारी मिळून एक आणतात आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत वाटून घेतात. सगळेच करतात. शेजारच्या घनश्यामकाकांनी भरून दिलेली बाटली बाबांनी पाण्याच्या बाटलीशेजारीच ठेवली. उन्हात तहान लागली आणि हात चुकला.

घनश्यामकाकांकडे डबे दोन प्रकारचे होते. एकातलं औषध घोटभर पोटात गेलं तर माणूस बहुतेक वेळा ओकाऱ्या काढून उठून बसतो. दुसरं पॅराक्वाट. त्याला उतारा नाही. माणूस काही दिवस असाच बोलतो, हसतो, आणि मग फुप्फुसं आक्रसत जातात. बाटलीत कोणतं ओतलं ते काकांना आठवेना.

"दामिनी, देवाची शपथ, साधंच होतं," काका म्हणायचे आणि लगेच, "थांब, थांब... तो डबा तं पयलेच सरला होता." मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता.

"पॅराक्वाट असेल तर आत्ताच नागपूरला हलवा, रक्त धुवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण तिथलं मशीन अडवून ठेवायला नक्की काय ते सांगावं लागतं. इथून नमुना पाठवला तर उत्तर उद्या येईल."

उद्यापर्यंत थांबायची माझी छाती नव्हती. बाटलीच्या तळाशी उरलेलं औषध घेऊन मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत धावले.

माझं संशोधन नेमकं हेच. सोन्याचे कण, इतके बारीक की पाण्यात सोडले तर पाणी बिटाच्या रसासारखं लाल दिसतं. प्रत्येक कणावर काचेचं पातळ कवच. लेझर पडला की सोनं तो उजेड स्वतःभोवती गोळा करतं आणि कवचाला चिकटलेला रेणू स्वतःची ओळख सांगतो. पडद्यावर त्याची रेघ उठते. माझी मैत्रीण रीना अशाच कणांवर दुसऱ्या धातूचं कवच चढवून रासायनिक क्रिया लवकर घडवते. मी तांदळावरचं विष शोधते. बाबा गावभर सांगतात, "पोरगी सोन्याचं पानी बनवते, पन आईच्या नथीपुरतं काई निघत नाई."

उघडं सोनं लहरी असतं. रेणूला भिडून त्याचं रूपच बदलतं, मग रेघ कशाची ते छातीठोक सांगता येत नाही. कवच आलं आणि ती पळवाट बंद झाली. ते कवच नीट जमावं म्हणून मी तीन वर्षं घासली होती.

आधी साधं पाणी लावलं. रेघ सपाट. मग बाटलीतला थेंब. ज्या रेघेसाठी मी देव पाण्यात घातले होते, ती आज उठू नये म्हणून मी हात जोडले. माझे कण बिघडलेले निघोत, कवच फाटकं निघो, माझी पीएचडी चुलीत जावो. बाबा राहू देत.

रेघ उठली. एवढी स्वच्छ रेघ मला आजवर मिळाली नव्हती. कपाटातलं शुद्ध पॅराक्वाट शेजारी लावलं. दोन्ही रेघा एकावर एक तंतोतंत बसल्या. मी नवा थेंब घेतला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा शेजारच्या टेबलावरून उठून आलेल्या रीनाने मनगट धरलं. "दामिनी, बस. डॉक्टरले फोन लाव."

मी दवाखान्यात परत पोचले तेव्हा नागपूरची गाडी दारात उभी होती आणि बाबा खाटेचा दांडा धरून बसले होते. "मी काई येत नाई नागपूरले. मानूस चांगला असला तरी नेतेत का कोनी?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"बाबा, चला."

"काय निघालं तुह्या मशीनीत?"

"वाईट निघालं."

त्यांनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. आतून सोलवटायला लागलं असणार. मग हळूच म्हणाले, "मशीन चुकत असन नं?"

तीन वर्षं मी घरात, कॉलेजात, परीक्षकांसमोर याच एका प्रश्नावर भांडले होते.

"हो बाबा, चुकते," मी म्हणाले. "लय चुकते. म्हणून तं नागपूरले दुसऱ्या मशीनवर पाहू. चला लवकर."

त्यांनी दांडा सोडला. गाडीत मी त्यांचा हात घट्ट धरून बसले आणि कितीही आवरलं तरी रडू थांबेना. बाबांनी दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"मशीन चुकली म्हनून रडते का, येडे? होते असं. पुढच्या खेपेले बराबर येईन."