उंबऱ्याला लागलेलं पाणी

गजराबाईला एकच खोड होती. दारात कुणी आलं, की तांब्या हातात देण्याआधी ती त्याला पाण्याची गोष्ट सांगायची. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला तळं एवढं चढलं, की पाणी थेट घराच्या उंबऱ्याला लागलं, आणि सासूनं तिला उंबऱ्यात उभं करून त्या पाण्याची खणानारळानं ओटी भरायला लावली. त्यानंतर तीस वर्षांत पाणी तिथवर आलं नव्हतं. पण गजराबाईच्या तोंडून ते दर आठवड्याला यायचं, आणि गाव हसून ऐकून घ्यायचं.

घर म्हणजे तरी काय, तळ्याच्या वरच्या अंगाला चिंचेखाली दगडमातीचे दोन खण. त्यातल्या एका खणात जमिनीत खोदलेला माग. नवरा गोरोबा त्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणायचा, गजराबाई लोकर कातायची. मेंढरं कातरण्याआधी तळ्यात घालून धुवावी लागतात, नाहीतर लोकरीत कुसळं राहतात. आणि माग ओलीच्या जागीच लागतो, कोरड्या माळावर लोकरीचा धागा तटातटा तुटतो. म्हणून हे धनगराचं बिऱ्हाड काठाला होतं, चैनीसाठी नव्हे.

चैन दुसऱ्यालाच करायची होती. निजामाचा अंमल, त्यात महायुद्धाचे दिवस. लोकांच्या कणग्यांतली ज्वारी सक्तीच्या सरकारी लेव्हीत जात होती आणि तहसीलदारसाहेबांना होडीत बसून बदकं मारायची हौस आली होती. चैत्रात गावात दवंडी पिटली. तळ्याचा काठ आता सरकारी सैरगाह, म्हणजे साहेबलोकांच्या फिरण्या-रमण्याची जागा. पाण्याच्या कडेपासून तीनशे हातांच्या आत घर, गोठा, झोपडी काही नको. मेंढरं धुवायची नाहीत. काठावर बसायचं असलं तरी कचेरीचा परवाना हवा. ज्या तळ्याच्या पाळीवर गावानं पिढ्यान्‌पिढ्या माती टाकली, त्याच्या काठावर बसायला गावाला परवाना!

वैशाखात साहेबांच्या बंगल्याचं काम निघालं. उन्हाळ्यात तळं आटून मधे डबकं उरतं. त्या डबक्याच्या कडेपासून कायद्यानं तीनशे हात मोजले आणि तिथं पाया खणला. भादव्यात गजराबाईची मेंढरं जिथं पोहायची, नेमकी ती जागा.

"वीरप्पा, आरं हे तळ्याचं पोट हाय," तिनं गवंड्याला जाऊन सांगितलं. "हितं कुनी घर बांधतं व्हय?"

"साखळी धरून जागा दिलीया, मावशी," वीरप्पा म्हणाला. "म्या दगड बसवनार. पानी त्यांनी बघावं."

त्या साली पाऊस बेताचा झाला. तळं अर्ध्यावरच राहिलं, बंगल्याच्या पायाला पाणी लागलंच नाही. भादव्यात कचेरीचा जमीन मोजणारा अंमलदार, गिरदावर, साखळी घेऊन काठावरची घरं मोजायला आला. गजराबाईला कसलीच धास्ती नव्हती. पाण्याच्या कडेपासून तिचं घर पाचशे हातांवर होतं. तिनं त्याला चिंचेखाली घोंगडं अंथरून दिलं आणि सवयीनं गोष्ट काढली.

"सायेब, पानी कुठवर आलं हुतं ठावं हाय का? ह्या उंबऱ्याला! म्या हितं हुबी राहून ओटी भरलीया."

गिरदावरानं मान वर केली. "खरं सांगता?"

"देवीची आन!"

"मग कागदावर अंगठा द्याल?"

आपली गोष्ट सरकारात लिहिली जातेय, याचाच त्या भाबडीला आनंद. तिनं हसत अंगठा उठवला. गिरदावरानं साखळीची कडी तिच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिथल्या तिथं उचलली. कागदावर लिहिलं, घर पाण्यापासून शून्य हातांवर. आठ दिवसांत हलवावं.

गजराबाई चार कोस चालत कचेरीत गेली. साहेबांची भेट झाली नाही. कारकुनापुढं तिचा आवाज चढला.

"बंगल्याला वैशाखातलं पानी आन माज्या घराला तीस वर्सामागचं? तळं येकच हाय न्हवं? त्याला काठ किती?"

"बाई, साक्ष तुमची, अंगठा तुमचा," कारकून दप्तर आवळत म्हणाला. "आता कुणावर ओरडता?"

खोटं बोलली असती तर घर वाचलं असतं. खरं बोलली, तेही कौतुकानं बोलली, म्हणून गेलं! हा कसला न्याय? पण हे ऐकायला तिथं कान कुणाला होते.

दिवाळीआधी घर पाडलं. गोरोबानं मागाची लाकडं आधीच सोडवून ठेवली होती, पण जमिनीतला खड्डा काही उचलून नेता येत नाही. तो पाडणाऱ्यांकडं पाठ करून बसला. भिंतींचा दगड गाडीत भरला. बंगल्याच्या पायऱ्या बांधायच्या राहिल्या होत्या, म्हणून उंबऱ्याची घडीव काळी शिळाही नेली. गजराबाई गाडीमागं थोडी चालली आणि मग थांबली.

माळावरच्या नव्या खोपटात धागा रोज तुटायचा. मेंढरं धुवायला दोन कोसांवरच्या ओढ्याला न्यावी लागायची. गजराबाई आल्यागेल्याला मुकाट्यानं पाणी द्यायची. गोष्ट तिनं सोडून दिली होती.

पुढच्या साली पावसानं धरलं ते सोडलंच नाही. पोळ्याला तळं तुडुंब झालं आणि साहेबांच्या बंगल्यात कंबरभर पाणी शिरलं. आरामखुर्च्या तळ्यात तरंगताना साऱ्या गावानं पाहिल्या. पण तळं चिंचेपर्यंत काही आलं नाही. तिथं घर असतं, तर ठणठणीत कोरडं राहिलं असतं.

चार दिवसांनी गिरदावर गावचा सारा वसूल करणाऱ्या माली पाटलाला घेऊन माळावर आला. पाटलाचं नाव उत्तरेश्वर, माणूस गावातलाच, पण मान खाली घालून उभा राहिला. गजराबाईनं दोघांना पाणी दिलं.

"बंगला नव्या जागी हलवायचाय," गिरदावर म्हणाला. "साहेबांचा हुकूम आहे, पाणी कधीच लागणार नाही अशी जागा बघा. तुमच्या कागदात उंबऱ्यापर्यंत पाणी आल्याची नोंद आहे, म्हणजे उंबऱ्याच्या आत ते कधीच आलं नाही. पण तिथं आता सगळी झुडपं. उंबरा नेमका कुठं होता, दाखवता का?"

म्हणजे तिचीच जागा! तिला तिथून उठवायचं, आणि पाण्यापासून दूर म्हणून साहेबांनी तिथंच बसायचं. गजराबाईनं पाटलाकडं पाहिलं. त्यानं नजर चुकवली.

"उंबरा तुमीच न्हेला की, सायेब," ती म्हणाली. "बंगल्याची सगळ्यात खालची पायरी हुडका. पान्यात उतरावं लागंल. उंबऱ्याला पानी लागलंय. म्या खोटं बोलले न्हवते."

तिनं त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि लोकर कातायला बसली.